थकबाकीचे सूत्र दुरुस्त करताना



शंभर घरांच्या गावाची घरपट्टीची मागणी व वसुली संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये उतरविली आहे, असे समजू या. ‘सी’ स्तंभात मागणी, ‘डी’ स्तंभात वसुली; ओळी २ ते १०१. एकूण थकबाकी किती, हा प्रश्न ग्रामसभेत हटकून विचारला जातो. एकूण मागणीतून एकूण वसुली वजा केली की काम झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु काही खातेदारांनी रक्कम आगाऊ भरलेली असते. त्यांचे जादा पैसे इतरांच्या थकबाकीपोटी वळते होतात आणि थकबाकी प्रत्यक्षाहून कमी दिसते. म्हणून प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे तपासून, जेथे मागणी वसुलीहून अधिक असेल तेथील फरकच तेवढा बेरजेत घ्यावा लागतो. हे सारे एकाच सेलमध्ये करणारे सूत्र म्हणजे ॲरे फॉर्म्युला, अर्थात सरणी-सूत्र.

हे सूत्र लिहून झाल्यावर कंट्रोल व शिफ्ट या कळा दाबून धरून मग एंटर दाबावी लागते. तसे केले की सूत्राभोवती महिरपी कंस आपोआप उमटतात. ती संगणकाने उठविलेली मोहोर होय. हाताने टंकलेले कंस निरुपयोगी. संगणक त्यांना साधा मजकूर समजतो.

घोटाळा होतो तो दुरुस्तीच्या वेळी. यादीच्या शेवटी १२ नवी घरे जोडली गेली; सूत्रातील १०१ च्या जागी आता ११३ हवे, आणि तेही चारही ठिकाणी, कारण मागणी व वसुली यांचा उल्लेख अटीत एकदा व वजाबाकीत एकदा येतो. एफ-२ दाबताच कंस नाहीसे होतात. त्यात काही बिघडलेले नसते. परंतु दुरुस्ती संपली की बोट सवयीने नुसत्या एंटरवर पडते आणि सूत्र सरणीचे राहत नाही. ते यादीच्या खाली, ओळ ११५ मध्ये असेल तर सेलमध्ये चुकीचा संकेत उमटतो. हे सुदैवच म्हणावयाचे. ते यादीच्या बाजूस, ओळ ५ मध्ये असेल तर संगणक निमूटपणे त्या ओळीतील एकाच घराची थकबाकी दाखवितो. त्या घराचा भरणा पूर्ण असला तर साऱ्या गावाची थकबाकी शून्य! आकडा नीटनेटका दिसतो आणि तसाच अहवालात जातो.

कधी एकच सरणी-सूत्र अनेक सेलमध्ये पसरलेले असते. त्यातील एकच सेल बदलू गेल्यास संगणक नकार देतो. तक्ता कुलूपबंद आहे असा समज करून घेऊन काही जण सूत्र पुसतात व आकडे हाताने भरतात. मग पुढील महिन्यापासून ते आकडे हलतच नाहीत. वास्तविक एस्केप दाबून बाहेर यावे, कंट्रोलसह तिरप्या रेघेची कळ दाबून संपूर्ण सरणी निवडावी, एफ-२ ने दुरुस्ती करावी आणि पुन्हा त्याच तीन कळा दाबाव्यात. सरणी लहान करावयाची असल्यास मात्र सबंध पुसून नव्याने लिहावी.

मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२१ मध्ये नुसती एंटर पुरते. उत्तर आपोआप खाली पसरते व दुरुस्ती डावीकडील सर्वांत वरच्या सेलमध्ये करावयाची असते. पण एक्सेल २०१९, त्याआधीच्या आवृत्त्या आणि लिबरऑफिस कॅल्क यांना तीन कळा लागतातच. नव्या संगणकावर केलेला तक्ता जुन्या संगणकावर उघडला की तेच सूत्र कंसांसह दिसते आणि तेथे दुरुस्ती करणाऱ्यास जुनाच नियम पाळावा लागतो.

दुरुस्तीनंतर वरच्या सूत्रपट्टीत कंस आहेत की नाहीत हे पाहावे. मग सूत्राच्या ओळीतील घर वगळून दुसऱ्या एखाद्या थकबाकीदाराच्या वसुलीत १ रुपया वाढवावा. एकूण थकबाकी १ रुपयाने उतरली तर सूत्र शाबूत आहे. त्यानंतर कंट्रोल व झेड दाबून तो रुपया काढून टाकण्यास विसरू नये.