रंगाशिवाय डीएनएची ओळख



आपल्यापैकी अनेकांच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे छोटे यंत्र असेल. पट्टीवर रक्ताचा थेंब लावला की आकडा दिसतो. तो बहुधा विजेच्या सूक्ष्म प्रवाहावरून काढलेला असतो. डीएनएची तपासणीही अशीच सोपी करण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ करीत आहेत.

डीएनएच्या दोन साखळ्या ठराविक रीतीनेच जुळतात. ए समोर टी, जी समोर सी. याच गुणावर आधारलेली, काचेवर जनुकांचे ठिपके असलेली चिप 1995 साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जगापुढे मांडली. नमुन्याला चमकणारा रंग जोडायचा. जो ठिपका चमकेल तेथे साखळी जुळली. एका काचेवर हजारो ठिपके मावतात, पण ती चमक वाचायला महागडे लेझर यंत्र लागते. 2020 साली पुण्याच्या मायलॅबने कोरोनाचा देशी आरटी-पीसीआर संच काढला. त्याची पद्धत वेगळी, तरी उत्तर चमकेवरूनच मिळे. म्हणून नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागे.

नव्या पद्धतीत नमुन्याला रंग लावावा लागत नाही. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएची एक साखळी बसवतात. डीएनएवर ऋण भार असतो. जोडीदार साखळी येऊन जुळली की तो भार वाढतो, द्रावणातील ऋण आयन दूर लोटले जातात आणि विजेला अडथळा वाढतो. तो अडथळा मोजला की उत्तर मिळाले.

अडचणीही आहेत. रक्तातील इतर पदार्थ सोन्याला चिकटले तर यंत्र फसते. हजारो ठिपक्यांसाठी हजारो इलेक्ट्रोड बनविणेही कठीण. म्हणून सध्या ही पद्धत मोजक्या प्रश्नांनाच सोयीची आहे.

याचे मूळ झेक देशातील ब्रनो शहरात आहे. तेथेच मेंडेलने 1865 साली वाटाण्यावरील प्रयोग सांगितले आणि तेथेच एमिल पालेचेक यांनी डीएनए विजेला प्रतिसाद देते हे दाखविले. त्यांचा निबंध 1960 साली प्रसिद्ध झाला.

पालकहो, किकवीहून पुणे फार दूर नाही. पण तपासणीसाठी गेलेल्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते. ती वाचवणारे यंत्र घडवायला रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. दहावीनंतर मुलीला विज्ञान शिकायचे असेल, तर तिला अडवू नका. विद्यार्थ्यांनो, आयनांचा धडा केवळ परीक्षेपुरता वाचू नका.