भरलेल्या वह्यांचे काय करावे?
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त मच्छे येथील पालक-शिक्षक मेळाव्यात झालेले भाषण)



आपला ट्रस्ट दरवर्षी मुलांना कोऱ्या वह्या वाटतो, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या भरल्यानंतर त्यांचे काय होते, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

बहुतेक वह्या तपासून झाल्या की रद्दीत जातात. निबंधाची वही गुरुजींखेरीज कोणी वाचीत नाही. मग मुलेही ‘माझी आई’ हा निबंध गाईडातून उतरवितात आणि चाळीस मुलांच्या चाळीस आया एकसारख्या निघतात! मुलांजवळ सांगण्यासारखे काही नसते, असे मात्र नव्हे.

मच्छे हे बेळगाव-खानापूर रस्त्यावरील गाव. एकीकडे भातशेती, दुसरीकडे औद्योगिक वसाहत. एकाच बाकावर शेतकऱ्याचे मूल, कामगाराचे मूल आणि पोटासाठी परगावाहून आलेल्या कुटुंबाचे मूल बसते. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कन्नड. ही मुले वर्षानुवर्षे शेजारी बसतात. पण एकमेकांची घरे त्यांना ठाऊक असतातच असे नाही.

एका मुलीची वही आमच्या वाचनात आली. वडील फाउंड्रीत रात्रपाळीला; दिवसा ते झोपलेले असताना घरात भांडेसुद्धा आवाज न करता ठेवतात, म्हणून आपण धडे मनातल्या मनात पाठ करतो, असे तिने लिहिले होते. तिच्या संमतीने ते वर्गात वाचले गेले. तोपर्यंत तिला घुमी म्हणणाऱ्या मुलींना तिच्या गप्प राहण्याचे कारण त्या दिवशी कळले. शेजारच्या मुलाने तर ‘माझे वडील फार कष्ट करतात’ हे आपले वाक्य खोडले आणि रोप लागवडीच्या दिवसांत वडिलांच्या पायांची बोटे चिखलाने कुजतात, असे लिहिले. खरे आणि नेमके कसे लिहावे, हे त्याला सोबतिणीच्या चार ओळींनी शिकविले.

विद्यार्थ्याच्या लेखणीत केवढे बळ असते, याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने सुमारे चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 1855 साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावर छप्पर नसते आणि थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे तिने आपल्या लोकांत पाहिलेले दुःख मांडले. म्हणूनच तो निबंध आजही वाचला जातो.

परंतु येथे सावधगिरीही हवी. घरची गरिबी उघडी पडून मूल चेष्टेचा विषय झाले, तर ते पुन्हा कधी खरे लिहिणार नाही. म्हणून मुलाच्या संमतीवाचून त्याचे लेखन कोणापुढे ठेवू नये. घरातील कर्ज, आजार वा भांडण लिहिण्याचा आग्रह धरू नये. नाव न घालण्याची मुभा असावी. कन्नड वळणाच्या शब्दाला कोणी हसू नये. तो त्या घरचाच शब्द होय. वाचणाऱ्याने चुका काढीत बसू नये. आपल्याला नवे काय कळले, ते एका वाक्यात सांगावे. अशा लेखनाला गुण तर मुळीच देऊ नयेत.

विश्वस्त मंडळींना आमची एकच विनंती आहे. कोऱ्या वह्यांबरोबर प्रत्येक वर्गाला एक जाड, कापडी बांधणीची वही द्यावी. मुलांनी निवडलेले लेखन तीत स्वहस्ते उतरवावे आणि वर्षअखेर ती शाळेच्या कपाटात ठेवावी. पुढच्या वर्षीची मुले ती वाचतील. हस्तलिखित मासिकांची आपल्या शाळांची जुनी चाल आहे. तिला फार पैसा लागत नाही.

शेजाऱ्याचे सुखदुःख जाणणे हा दानधर्माचा पाया होय. तो बालवयातच घातला जावा, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.