दारूच्या आड दडलेली दुसरी नशा



घरातला माणूस दारू पितो हे एकदा कळले, की आपण पुढे काही विचारतच नाही. बोलणे अडखळते, पाय लटपटतात, दिवसभर गुंगी. सारा दोष बाटलीला. पण झोपेच्या गोळ्यांनी किंवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधानेही हेच होते. दारू लपवावी लागते. गोळी मात्र 'दवा' म्हणून उशाशी उघड पडलेली असते!

डॉक्टरांना हा भेद कसा कळतो? दारू थांबल्यावर थरकाप बहुधा पहिल्याच दिवशी सुरू होतो. डायझेपामसारखी गोळी मात्र शरीरात बरेच दिवस रेंगाळते. म्हणून सारे ठीक वाटत असताना आठवड्याने फिट आली, तर गोळ्यांचा संशय घ्यावा लागतो. लघवीच्या तपासणीत सर्वच गोळ्या सापडत नाहीत. 1984 साली प्रसिद्ध झालेली 'केज' ही चार प्रश्नांची चाचणी केवळ दारूविषयी विचारते. जागतिक आरोग्य संघटनेची 'असिस्ट' प्रश्नावली प्रत्येक नशेची वेगळी चौकशी करते. पण उत्तर खरे हवे ना?

तेव्हा दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, रिकामी पाकिटेसुद्धा, पिशवीत घालून न्या. रागाच्या भरात त्या फेकू नका. रोजची गोळी एकदम तोडल्यास जिवावर बेतू शकते. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

आणि मुलांनो, ते पाकीट दुकानातून आणायला पुष्कळदा तुम्हालाच पाठवतात. डॉक्टरांनी विचारले, तर नाव सांगा.