रायगडावरचा इंग्रज, असईचे ब्रिटिश

रायगडावर 1674 साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर हजर होता. त्याला इंग्रज म्हणणे अगदी बरोबर आहे. पुढे 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी जे लढले, त्यांनाही मराठीत सरसकट इंग्रजच म्हणतात. तिथे मात्र गफलत होते. त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली हा डब्लिनचा. त्याच्याकडे गोऱ्या पायदळाच्या पलटणी दोनच होत्या, 74 वी आणि 78 वी, आणि दोन्ही स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाच्या नावाने उभ्या केलेल्या. बाकी बहुतेक शिपाई हिंदुस्थानातलेच! पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार हाती घेणारा एल्फिन्स्टन स्कॉटिश, दुसऱ्या बाजीरावाला शरण आणणारा माल्कम स्कॉटिश आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिशच.

या दोन प्रसंगांच्या मध्ये 1707 साल येते. औरंगजेब नगरजवळ वारला ते हेच साल. त्याच वर्षी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची पार्लमेंटे एक झाली आणि ग्रेट ब्रिटन नावाचे एक राज्य जन्माला आले. म्हणजे राज्य म्हणून ब्रिटन हे स्वराज्याहून वयाने धाकटे. त्यातली माणसे मात्र दीड-दोन हजार वर्षांच्या स्वाऱ्यांतून घडत आली होती. आणि या घडणीत जिंकणाऱ्यांइतकाच, काही वेळा त्यांच्याहून अधिक, हात हरलेल्यांचा आहे.

इ. स. 43 मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजा बेटावर उतरल्या. सुमारे 410 पर्यंत रोमचा अंमल टिकला. रस्ते झाले, शहरे वसली, उत्तरेला हेड्रियनची 117 किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली. पण त्या काळाची खरी चव एका समाधिशिलेत आहे. भिंतीच्या पूर्व टोकाजवळ, साउथ शील्ड्स येथे ती सापडली. सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या बराटेस नावाच्या माणसाने ती आपली बायको रेजिना हिच्यासाठी कोरून घेतली होती. रेजिना ब्रिटनच्याच एका टोळीतली, आधी त्याची दासी. त्याने तिला मुक्त केले आणि तिच्याशी लग्न लावले. तिसाव्या वर्षी ती गेली. वरचा मजकूर लॅटिनमध्ये आहे, आणि खाली एक ओळ नवऱ्याच्या स्वतःच्या लिपीत. तिथल्या किती जणांना ती वाचता येत असेल कोण जाणे! दुःख मात्र त्याला आपल्याच लिपीत लिहावेसे वाटले.

रोमन गेले, आणि पाठोपाठ समुद्रापलीकडून अँगल्स, सॅक्सन आणि ज्यूट आले. त्यांनी देशाला इंग्लंड हे नाव दिले आणि भाषेचा पायाही घातला. जुन्या रहिवाशांना ते ज्या शब्दाने ओळखत, त्याचा अर्थ 'परका'. त्याच शब्दातून पुढे 'वेल्स' हे नाव आले. घरच्यांनाच परके म्हणण्याचा हा प्रकार! वेल्सची माणसे स्वतःला म्हणतात 'कम्री', म्हणजे एका देशाचे सोबती. त्यांची भाषा आजही बोलली जाते.

स्कँडिनेव्हियातून आलेल्या डेन आणि नॉर्स लोकांची गोष्ट निराळी. 793 मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर धाड पडली, तेव्हापासून त्यांचे नाव लुटारूंच्या यादीत गेले. पण लुटारू घरी परततो. यांतले पुष्कळसे तिथेच राहिले, शेती करू लागले. ग्रिम्सबी, व्हिटबी, डर्बी या नावांतला 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेतले गाव. 'स्काय', 'नाइफ', 'विंडो', 'लॉ', 'हजबंड' हे शब्दही त्यांचेच. याहून नवलाचे म्हणजे इंग्रजीतली 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामेही त्यांनीच दिली. मराठीने फारसीकडून जमीन, दरवाजा, अर्ज असे कितीतरी शब्द घेतले, पण 'ते' आणि 'त्यांना' कधी उसने आणले नाहीत. बाजारात शब्द उचलता येतात. सर्वनामे बदलायला एका चुलीवर जेवावे लागते.

हे मिसळणे किती सावकाश चालले, त्याचा एक मजेदार दाखला छापखानेवाला विल्यम कॅक्स्टन याने 1490 च्या एका प्रस्तावनेत दिला आहे. वाऱ्याची वाट पाहत थेम्स नदीत अडकलेले काही व्यापारी केंटच्या किनाऱ्यावर उतरले. एकाने एका बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. गडी संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! शेवटी दुसऱ्याने 'एयरेन' म्हटल्यावर तिला अंडी कळली. बाईचा शब्द जुना सॅक्सन, व्यापाऱ्याचा नॉर्स. शेवटी टिकला नॉर्सच.

मग 1066. हेस्टिंग्जच्या लढाईत राजा हॅरॉल्ड पडला आणि नॉर्मंडीचा विल्यम गादीवर बसला. 1069-70 च्या हिवाळ्यात त्याने उत्तर इंग्लंड जाळून काढले. 1086 च्या डूम्सडे जमाबंदीत पाहिले तर मोठ्या जमीनदारांत जुने इंग्रज जवळजवळ उरलेले नाहीत. दरबार फ्रेंच बोलू लागला, इंग्रजी कुळांची आणि नोकरांची भाषा झाली. पुढे 1204 मध्ये राजा जॉनने नॉर्मंडी गमावली, आणि दोन्हीकडे वतने असलेल्या सरदारांना एक किनारा निवडणे भाग पडले. जे इंग्लंडात राहिले ते हळूहळू इंग्रज झाले. त्यांच्यातल्याच सरदारांनी 1215 मध्ये जॉनकडून मॅग्ना कार्टावर मोहर उमटवून घेतली. 1362 च्या कायद्याने कोर्टातली तोंडी कामे इंग्रजीत चालावीत असे ठरले. तो कायदा मात्र फ्रेंचमध्ये लिहिलेला! जेत्याची भाषा हरली ती अशी, हळूहळू. आजही पार्लमेंटच्या विधेयकाला राजाची संमती मिळाली की ती नॉर्मन फ्रेंचमध्ये पुकारली जाते.

1066 नंतर इंग्लंडवर कोणी चालून आले नाही, असे अभिमानाने सांगतात. ते खरे नाही. नोव्हेंबर 1688 मध्ये हॉलंडचा विल्यम मोठे आरमार आणि सुमारे 15 हजार सैनिक घेऊन नैर्ऋत्य किनाऱ्यावर उतरला. सात बड्या असामींनी त्याला बोलावले होते, म्हणून या स्वारीला 'गौरवशाली क्रांती' म्हणायचे. सिंहासन मिळाले, पण अटींसह: पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात खडे सैन्यही नाही. शिवाय त्याला फ्रान्सशी लढायला पैसा हवा होता, त्यातून 1694 मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली. हा राजा परका आहे म्हणून कुरकुर करणाऱ्यांना डॅनियल डिफोने 1701 मध्ये एका उपहासकाव्यातून उत्तर दिले. त्याचा रोख असा, की अस्सल इंग्रज असा कोणी नाहीच.

आता पुन्हा असईकडे येणारा रस्ता. 16 एप्रिल 1746 रोजी स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळरानावर सरकारी फौजेने स्टुअर्ट या जुन्या राजघराण्याच्या बाजूने उठलेल्या हायलँडर्सचा, म्हणजे डोंगराळ मुलखातल्या लोकांचा, तासाभरात धुव्वा उडवला. त्यानंतर त्यांचा पोशाख कायद्याने बंद झाला. तो घालायची मोकळीक फक्त सरकारी पलटणीत भरती होणाऱ्यांना. बंदी 1782 पर्यंत चालली. ज्यांना चिरडले त्यांच्याच मुलानातवंडांची पलटण बांधण्याचा हा डाव सरकारला फळला. 1787 मध्ये खास हिंदुस्थानातल्या कामासाठी उभी केलेली 74 वी पलटण ही त्याच परंपरेतली. असईला शिंद्यांच्या तोफांनी सर्वांत जास्त भाजून काढली ती हीच.

सगळेच असे सामावले गेले नाहीत. आयर्लंडला इंग्लिश सेनापती क्रॉमवेलची 1649 ची कत्तल आणि हातच्या गेलेल्या जमिनी विसरता आल्या नाहीत. 1801 मध्ये जोडलेला तो देश 1922 मध्ये बहुतांशी सुटा झाला. स्कॉटलंडने 2014 च्या सार्वमतात 55 टक्क्यांनी राहायचे ठरवले. उरलेले 45 टक्के काही थोडे नव्हेत.

रक्ताची तपासणीही झाली आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण ब्रिटनमधल्या 2 हजारांहून अधिक लोकांचे डीएनए तपासले. सॅक्सनांआधीच्या रहिवाशांचे वंशज मानल्या जाणाऱ्या सगळ्या केल्टांचा असा एकच गट त्यात सापडला नाही. डेन लोकांचा वेगळा ठसाही स्पष्ट दिसला नाही. शब्द उरले, रक्त ओळखू येईना.

मग माणूस स्वतःला म्हणवतो तरी काय? 2011 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या 57.7 टक्के लोकांनी फक्त 'इंग्लिश' असे लिहिले होते. 2021 मध्ये ते 14.9 टक्क्यांवर आले, आणि फक्त 'ब्रिटिश' म्हणवणारे 19.1 वरून 54.8 टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत ना कोणती स्वारी झाली, ना राजा बदलला. जनगणना खात्याने दिलेले एक कारण साधे आहे: इंग्लंडातल्या नव्या फॉर्मवर 'ब्रिटिश' हा पर्याय सर्वांत वर छापला होता.