मुळांवरची बुरशी आणि वनस्पतींचा शेजार

मातीतली काही बुरशी मुळांत शिरते, पण मुळे कुजवत नाही. वनस्पतीने तयार केलेली शर्करा ती घेते आणि बदल्यात मुख्यतः स्फुरद पुरवते. या सहजीवनाला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये ‘मायकोरायझा’ हे नाव दिले.

स्फुरद मातीच्या कणांना धरून राहते. मुळालगतचे संपले की लांबचे सहसा सरकत येत नाही. मूळकेसांहून बारीक असे बुरशीचे तंतू तिथवर पोचून ते आणतात. कांद्याचे मूळ कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवून ट्रिपॅन ब्लूने रंगवले, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीत निळी, बारीक फांद्यांची झुडपे दिसतात. देवाणघेवाण मुख्यतः तिथेच चालते. कांद्याची मुळे जाड आणि विरळ केसांची, म्हणून त्याची भिस्त या बुरशीवर मोठी. मोहरी, कोबी, पालक मात्र सहसा तिच्यावाचून वाढतात.

हाच फरक रानात शेजाऱ्यांचे भवितव्य ठरवतो. १९९८ मध्ये स्वित्झर्लंड व कॅनडातील प्रयोगांत असे आढळले, की बुरशीच्या जाती वाढवल्या तशी वनस्पतींची विविधता वाढली. त्याच्या पुढच्याच वर्षी कॅन्ससच्या उंच गवताळ कुरणातून नेमका उलटा निष्कर्ष आला. तिथे पाच वर्षे बुरशीनाशक वापरून मुळांवरची बुरशी दाबली. तिच्यावर विसंबलेली बिग ब्लूस्टेमसारखी दांडगी गवते मागे पडली, दबलेल्या जातींना जागा मिळाली आणि विविधता वाढली. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. कुरणावर वरचढ असलेली वनस्पती बुरशीवर किती अवलंबून आहे, त्यावर सारे ठरते. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत शिरलेली युरोपातली गार्लिक मस्टर्ड तर आपल्या रसायनांनी ही बुरशीच मारते आणि मेपलची रोपे खुरटतात.

शेतातही हेच भान हवे. स्फुरदयुक्त खतांचा मारा झाला की पीक बुरशीला थारा देईनासे होते, आणि वारंवार नांगरटीने तिचे जाळे तुटते. अशा रानात बुरशीच्या जैविक खताची नुसती पुडी टाकून फारसे साधत नाही.

 म्हणून विनंती एकच आहे: कोणत्याही जैविक खताची शिफारस करण्याआधी त्या मातीतली मूळची बुरशी तपासली जावी.