'केला', 'करला' आणि दुर्गची मराठी



'बसला', 'हसला', 'पडला' ही रूपे ऐकत वाढलेले मूल एके दिवशी 'मी अभ्यास करला' असे म्हणते. घरातले हसतात, वहीत लाल शाई उमटते. वास्तविक त्या मुलाने नियम अचूक ओळखलेला असतो, अपवाद तेवढा त्याच्या कानांवर पुरेसा पडलेला नसतो. 'केला', 'गेला', 'मेला' ही रूपे संस्कृतातील 'कृत', 'गत', 'मृत' यांपासून प्राकृतामार्गे आली. म्हणूनच 'कर', 'जा', 'मर' या धातूंशी ती सरळ जुळत नाहीत.

अशी वाकडी रूपे टिकतात ती सततच्या वापराने. इंग्रजीत हे मोजून पाहिले गेले आहे. 2007 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदे घेतली होती. त्यांपैकी आज 98 अनियमित उरली आहेत. 'हेल्प'चे जुने 'होल्प' मागे पडून 'हेल्प्ड' रूढ झाले. 'गो'चे 'वेन्ट' मात्र हलले नाही, कारण ते पदोपदी लागते.

मराठीतील चढाओढही जुनीच. शके 1212 मधील ज्ञानेश्वरीत 'दिधले' आढळते. आज 'दिले' रूढ आहे. 'म्हणणे'चा निकाल तर अजून लागलेला नाही. 'तो म्हणाला' आणि 'त्याने म्हटले' ही दोन्ही रूपे प्रमाण भाषेत नांदतात, आणि बोलण्यात 'म्हणला' हे तिसरे. 'प्यायला' की 'पिला', यावर घरोघरी वेगळे मत.

दुर्गमध्ये प्रश्न अधिक नाजूक आहे. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसांची ये-जा आहे. 1956 पर्यंत दुर्गची राजधानीही नागपूरच होती. आता बाजारात हिंदी, शेजारी छत्तीसगढी. मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि वर्गात. पुण्याच्या मुलाला 'केला' दिवसातून शंभरदा ऐकू येते, इथल्याला कदाचित जेवणाच्या ताटावर. प्रत्येक 'करला'वर अडवलेले मूल पुढच्या वेळी हिंदीत उत्तर देते, आणि त्या उत्तराला मात्र कोणी लाल शाई लावत नाही! त्यापेक्षा 'हो का, अभ्यास केलास? कुठला धडा केलास?' असे विचारावे. बरोबर रूप त्या प्रश्नातूनच दोनदा कानी पडते.

'म्हणला', 'पिला' यांना तर चूक म्हणणेही अन्यायाचे. ती विदर्भातून आलेल्या आजीच्या तोंडची रूपे आहेत. उत्तरपत्रिकेत 'म्हणाला' लिहावे, हे आठवीत सांगितले तरी पुरते.