तंबूतला आर्क दिवा



विषय दिव्याचा आहे, पण आरंभ तंबूपासून करतो. जत्रेत सिनेमाचा तंबू आला, की पडद्याकडे पाठ करून मागच्या झरोक्याकडे टक लावणारी चार पोरे असतच. त्यांत आम्हीही असू. आतला दिवा मध्येच सूं सूं करी, पडद्यावरचा उजेड थरथरे आणि ऑपरेटरच्या नावाने शिट्ट्या पडत. दोष त्या बिचाऱ्याचा नसे, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

कोळशाच्या दोन कांड्यांची टोके टेकवून किंचित दूर केली, की मधल्या जागेतून विजेचा प्रवाह वाहतो, हाच आर्क. धन कांडीच्या टोकाला खळगा पडतो. त्याचे तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि साध्या आर्कचा बहुतेक उजेड त्या खळग्याचाच असतो. कांड्या जळतात, अंतर वाढते. त्या सारख्या पुढे सरकवाव्या लागत.

तो आवाज का होतो, हे हर्था आयर्टन या विदुषीने १८९९ साली लंडनमध्ये दाखवून दिले. प्रवाह बेताबाहेर वाढला, की खळगा कांडीच्या कडेवर पसरतो, हवेतला प्राणवायू तापल्या कोळशाला भिडतो आणि आर्क फुत्कारू लागतो. या बाईंना १९०२ साली रॉयल सोसायटीने सभासद करून घेतले नाही. कारण काय, तर त्या विवाहित होत्या! लग्नाचा आणि आर्कचा संबंध सोसायटीलाच ठाऊक.

मग उजेड वाढवायचा कसा? सिनेमाची फीत ३५ मिलिमीटर रुंद. दिवा नुसता मोठा करून भागत नाही, तेवढ्याच ठिपक्यातून जास्त प्रकाश निघाला पाहिजे. पण कोळसा एका मर्यादेपलीकडे तापतच नाही, त्याची वाफ होते. जर्मनीतल्या हाइनरिख बेकने धन कांडीच्या गाभ्यात सीरियमसारख्या धातूंचे क्षार घातले. त्यांची तप्त वाफ खळग्यात कोंडून स्वतःच झळाळू लागली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा उजेड शोधदिव्यांत शिरला, पुढे सिनेमात. धूर मात्र तसाच. ऑपरेटरच्या खोलीला धुराडे हवेच.

१९५० नंतर झेनॉन वायूचा दिवा आला. क्वार्ट्‌झच्या फुग्यात दाबाखाली वायू. धूर नाही, कांड्या नाहीत. फुगा फुटण्याची धास्ती मात्र असे, म्हणून तो बदलताना तोंडावर जाळी बांधत. आता लेसर आल्यापासून तेही मागे पडत चालले आहे.

आर्क पाहायचाच असेल, तर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तो रोज पेटतो. मात्र उघड्या डोळ्यांनी पाहू नका, आणि पोरांना तर मुळीच पाहू देऊ नका. ते नीलातीत किरण त्या वेळी जाणवत नाहीत. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, तेव्हा कळते. झरोक्यातले आमचे डोळे वाचले, ते दिव्याभोवतीच्या पत्र्याच्या पेटीमुळे.